खमिराला घाई चालत नाही

मळलेलं पीठ झाकून ठेवलं की पहिला अर्धा-पाऊण तास त्यात काहीच घडत नाही असं वाटतं. रुमाल उचलून दोनदा बघितलं तरी गोळा तसाच असतो. मग कडेला एखादा बुडबुडा येतो, वरची साल ताणल्यासारखी दिसते, आणि थोड्या वेळाने परातीतला गोळा दुप्पट झालेला असतो. घरी पाव करणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत तर तो अनेकांचा छंदच झाला होता. माणसं घरात होती, हाताशी वेळ होता, आणि दुकानांतली यीस्टची पाकिटं संपली होती. आमच्या सारंगखेड्यासारख्या तापीकाठच्या गावातही काही घरांत छोटा ओव्हन आला. ज्यांच्याकडे नाही, त्या बायका जाड पातेल्यात मीठ तापवून त्यात डबा ठेवतात आणि पाव भाजतात. तोही छान होतो.

छंद म्हणून हे उत्तमच आहे. पण अलीकडे घरी पाव करण्याचं एक वेगळं कारण कानावर येतं. "बाहेरच्या पावाचा काय भरवसा? कुणाच्या हातचा असतो कोण जाणे!" ही दोन वाक्यं एका दमात बोलली जातात, म्हणून एकच वाटतात. पण पहिलं वाक्य स्वच्छतेबद्दल आहे आणि दुसरं माणसाबद्दल. या दोन वाक्यांमधलं अंतर मला महत्त्वाचं वाटतं. त्याबद्दल बोलायचं तर आधी पिठाबद्दल बोलावं लागेल.

पिठात काय चालतं?

अर्धा किलो मैदा, तीनशे मिलिलीटरच्या आसपास कोमट पाणी, सात ग्रॅम कोरडं यीस्ट, दहा ग्रॅम मीठ, थोडी साखर आणि थोडं तेल. साध्या पावाला एवढंच लागतं. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. एका ग्रॅममध्ये तिच्या अब्जावधी पेशी असतात. त्या पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडं अल्कोहोल तयार करतात. हे काम जिवंत पेशी करतात, ही नुसती रासायनिक प्रक्रिया नाही, हे लुई पाश्चर यांनी १८५७ नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं. त्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणूस खमिराची रोटी खात होता. कारण ठाऊक नव्हतं, पण वाट बघायची असते एवढं ठाऊक होतं.

गव्हात दोन प्रथिनं असतात. पाणी घालून तिंबलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. वायू या जाळीत अडकतो आणि पीठ फुगतं. ज्वारीत हे ग्लुटेन नसतं. म्हणून आपली भाकरी यीस्टने फुगत नाही. ती तव्यावर आणि विस्तवावर फुगते ती आतल्या वाफेने, आणि क्षणात बसते. पावाचं फुगणं सावकाश असतं, म्हणून ते टिकतं.

आमच्याकडची हवा तर या विषयातली मोठी शिक्षिका आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की पीठ बघता बघता वर येतं. जरा दुर्लक्ष झालं तर आंबूस वास सुटतो, जाळी थकते आणि गोळा बसतो. तेव्हा यीस्ट निम्मं घालावं, पाणी माठातलं घ्यावं आणि परात घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी. याउलट मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या यात्रेच्या दिवसांत, तापीवरून येणारं वारं झोंबतं. त्या दिवसांत तेच पीठ दोन-अडीच तास घेतं. मग भांडं गोधडीत गुंडाळून ठेवायचं किंवा चुलीपासून हातभर अंतरावर. फार जवळ ठेवूनही उपयोग नाही. यीस्टला पंचवीस ते पस्तीस अंश मानवतं, पंचावन्न-साठच्या पुढे ते मरतं. ऊब द्यायची, चटका द्यायचा नाही.

पीठ तयार झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही. बोट ओलं करून गोळ्यात हलकेच दाबायचं. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश आणि अर्धवट भरला तर पाव भाजायला घ्यावा. तसाच राहिला तर वेळ टळून गेली. दर वेळी वेगळी हवा, वेगळा गहू, वेगळं पाणी. ठरलेली वेळ कुणीच सांगू शकत नाही. जो सांगतो त्याने पीठ मळलेलं नसावं.

परकं काही नाही

यीस्ट, ब्रेड, ओव्हन हे शब्द परके वाटतात म्हणून हे सगळं शहरी खूळ आहे असं काही जण म्हणतात. खान्देशातल्या बाईने तरी असं म्हणू नये. आपल्याकडचे बिबडे आठवा. ज्वारी तीन-तीन दिवस भिजत घालायची, आंबू द्यायची, मग दळून, शिजवून, तीळ-मिरची घालून उन्हात थापायची. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं, मग त्याचा चीक निघतो. त्या चिकाचा आंबूस गोडसर वास उन्हाळ्यात गल्लीभर असतो. हे सगळं खमिराचंच काम आहे. हवेतले आणि धान्यावरचे जीव इथेही तेच करतात, फक्त आपण त्यांना पाकिटातून आणत नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत मिळणारी जिलेबी घ्या. तिचंही पीठ आंबवलेलं असतं. तिचं नाव अरबी-फारसीतून आलं आहे आणि ती विकली जाते एकमुखी दत्ताच्या यात्रेत. कढईभोवती उभं असलेल्या कुणाला यात काही विसंगत वाटत नाही. वाटण्याचं कारणही नाही.

भाषेचंही तसंच आहे. 'खमीर' हा शब्द अरबीतून आला, फारसी-उर्दूत रुळला आणि मराठीत शिरला. इतका आत शिरला की मराठी बायबलमध्ये यहुद्यांच्या सणाचं नाव 'बेखमीर भाकरीचा सण' असं आहे. एका मूळच्या हिब्रू धर्मविधीला मराठीत नाव देताना भाषांतरकारांनी अरबी-फारसी वळणाचा शब्द आणि आपली भाकर शेजारी शेजारी बसवले. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राईल वल्हांडणाच्या दिवसांत आंबवलेलं काही खात नाहीत. ते खमीर बाजूला ठेवतात, आपण ते रोज घालतो, पण शब्द दोघांचा एकच आहे. उर्दूत तर माणसाच्या मूळ घडणीलाही खमीर म्हणतात. अमुक गोष्ट त्याच्या खमिरातच आहे, असं अम्मीच्या पिढीच्या बायका सहज बोलून जातात.

पाव आणि बाट

आता पावाकडे येऊ. हा शब्द पोर्तुगीज. गोवा १५१० मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि त्यांच्याबरोबर त्यांची भट्टी आली. यीस्ट इथे मिळत नव्हतं, म्हणून पीठ ताडामाडाच्या ताडीने फुगवलं जाऊ लागलं. तिथला पोदेर आजही पहाटे भोंगा वाजवत घरोघर पाव पोचवतो. गोव्याचे हे भट्टीवाले पुढे मुंबईत आले, त्यानंतर इराणी आले, आणि उत्तरेकडचे व इथले मुसलमान कारागीरही या धंद्यात शिरले.

पण पावाबरोबर भीतीही आली. वसईचा मुलूख १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होता. त्या काळाबद्दल एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, लोकांनी नकळत ते पाणी प्यायलं आणि सगळं गाव बाटलं. कथा किती खरी हा प्रश्न बाजूला ठेवू. ती इतकी वर्षं सांगितली गेली, यातूनच एक गोष्ट कळते. पाण्यात भिजलेल्या पावाच्या तुकड्याने माणसाचा धर्म जातो, जात जाते, घराचं दार बंद होतं, हे लोकांना शक्य वाटत होतं. बाटवणाऱ्याबद्दल आपण खूप बोलतो. बाटलेल्याला परत घरात न घेणाऱ्याबद्दल कमी बोलतो.

दुसरी अफवा तुम्हीही ऐकली असेल: पायाने तुडवून करतात म्हणून त्याला पाव म्हणतात. शब्दाचं मूळ ठाऊक असलेल्याला हसू येईल. पण कितीतरी घरांत या वाक्याने पाव बाहेर ठेवला गेला. मळणारा माणूस डोळ्यांसमोर नसला की त्याच्याबद्दल काहीही सांगता येतं.

या भीतीला मुंबईत पहिलं जाहीर नव्हे, पण ठाम उत्तर दिलं ते परमहंस मंडळीने. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गुप्त सभा सुरू केली. जातिभेद मानणार नाही, एवढं तोंडाने म्हणणं तिथे पुरेसं नव्हतं. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे आणि ज्याच्या हातचं पाणी चालत नाही अशाच्या हातचं पाणी प्यावं लागे. पावाचा एक तुकडा ही परीक्षा होती. १८६० मध्ये सभासदांची नावं बाहेर फुटली आणि मंडळी विखुरली. सुशिक्षित, सरकारी नोकरीतले लोक होते ते, तरीही पाव खाल्ल्याचं उघड होण्याला घाबरले. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य उभं राहिलं आणि त्यात रानडे आणि टिळक दोघंही आले. एका कपाने एवढं वादळ उठू शकत होतं.

आणि आज? वडापाव, मिसळपाव, पावभाजी. महाराष्ट्राचं खाणं म्हणून जगाला आपण जे सांगतो, त्यात पाव मानाने बसला आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत बाट लावणारी वस्तू अस्मितेची वस्तू झाली. कुणी कायदा केला नाही, कुणी फतवा काढला नाही. गिरण्यांच्या दारात, रेल्वे स्टेशनांबाहेर, शाळेच्या डब्यात हळूहळू हे घडलं. समाजही असाच फुगतो. पहिला बराच वेळ काही घडत नाही असं वाटतं.

आमच्या तापीचाही यात वाटा आहे. सारंगखेड्याच्या बॅरेजवरून पुढे गेलेलं पाणी उकाई धरणातून सुरतेला जातं. सतराव्या शतकापासून तिथे डचांची वखार होती आणि वखारीत पावाची भट्टी. डच गेले तेव्हा भट्टी एका पारशी कारागिराकडे आली आणि तिथून दोटीवाला बेकरीची परंपरा सुरू झाली, असं सांगतात. ताडीने फुगवलेल्या पावाला स्थानिक गिऱ्हाईक मिळेना. उरलेला, वाळलेला पाव लोक चहात बुडवून खाऊ लागले आणि त्यातून सुरती बटर आणि नानकटाई यांची चाल पडली, अशी ती कथा आहे. आपल्याकडे चहाबरोबर जे बटर-टोस्ट खाल्लं जातं, त्याचं माहेर कदाचित याच नदीच्या तोंडाशी असेल.

यीस्ट हलाल आहे का?

हा प्रश्न मला दर रमजानच्या आधी कुणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा नव्याने पाव करायला लागलेली एखादी मुलगी. पिठात अल्कोहोल तयार होतं असं तिने कुठेतरी वाचलेलं असतं आणि ती घाबरलेली असते. घाबरण्यासारखं काही नाही. फुगलेल्या पिठात अल्कोहोल अगदी थोडं असतं, भट्टीत त्यातलं बहुतेक उडून जातं, आणि पाव खाऊन नशा चढल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तुर्कस्तान, इराण, अरबस्तान, मध्य आशिया, सगळीकडे खमिराची रोटी हे शतकानुशतकांचं रोजचं अन्न आहे. रमजानमध्ये तर तिच्यासाठी रांगा लागतात. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो पाक, हे फिकहमध्ये मान्य आहे, कारण वस्तूचं मूळ रूपच पालटलेलं असतं. आणि सिरक्याची तारीफ हदीसमध्ये आहे. ताडीने फुगवलेल्या पावाबद्दल कुणाला शंका असेल तर त्यांनी जाणत्या आलिमांना विचारावं. पाकिटातल्या यीस्टला ती शंका लागू होत नाही.

हे इथे सांगायचं कारण वेगळं आहे. अन्नाबद्दल शंका आपल्याकडेही असतात आणि शंका विचारण्याचा हक्क सर्वांना आहे. एखाद्या जैन बाईने पावात अंडं आहे का असं विचारलं, उपवासवाल्या बाईने तूप कसलं असं विचारलं, आपण चरबी किंवा जिलेटिन आहे का असं विचारलं, तर यात कुणाचाही अपमान नाही. हे वस्तूबद्दलचे प्रश्न आहेत आणि त्यांना सरळ उत्तरं देता येतात. "कुणाच्या हातचा?" या प्रश्नाला वस्तूत उत्तर सापडत नाही. तो पावाकडे बघून विचारलेलाच नसतो.

हाताचा संशय

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये निजामुद्दीनच्या घटनेनंतर मोबाइलवर चित्रफितींचा पूर आला. फळांना थुंकी लावतात, पावावर थुंकतात. त्यांतल्या कित्येक जुन्या, दुसऱ्या देशातल्या किंवा वेगळ्याच प्रसंगाच्या निघाल्या. पण खुलासा पोचेपर्यंत भाजीच्या गाड्या परतवल्या गेल्या होत्या. मे महिन्यात चेन्नईतल्या एका बेकरीने आपल्याकडे मुसलमान कामगार नाहीत अशी जाहिरात केली आणि मालकाला अटक झाली. तो मालक काय विचार करत होता? बहुधा एवढाच, की गिऱ्हाईक घाबरलेलं आहे आणि त्याला धीर द्यायला हवा. भीती अशी काम करते. ती व्यवहाराचं रूप घेऊन येते.

पुढेही ते थांबलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत असा ठराव झाला आणि त्यावरून वाद पेटला. ती बातमी वाचताना आमच्या गावची यात्रा डोळ्यांसमोर आली. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरातमधून घोडे येतात. आणणाऱ्यांत हिंदू, शीख, मुसलमान सगळे असतात. घोडा बघणारा माणूस त्याचे दात बघतो, चाल बघतो, भोवरे बघतो. मालकाचा धर्म बघून कुणी घोड्याची किंमत ठरवत नाही. ठरवली तर नुकसान त्याचंच. बाजाराचा शहाणपणा बाजारात असतो. तो काढून घेण्याचं काम बाहेरून होतं.

आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. तो जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्यासंबंधी आहे. एका समाजाने दुसऱ्या समाजाच्या दुकानावर टाकलेला बहिष्कार त्यात नीट बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी कावड यात्रेच्या मार्गावरील दुकानांच्या संदर्भात जो अंतरिम आदेश दिला, त्यातली भूमिका मात्र साधी आणि रास्त आहे. तुम्ही कोणतं अन्न विकता हे सांगायला लावता येईल, तुम्ही कोण आहात हे सांगण्याची सक्ती नको. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला एवढा करार पुरेसा आहे.

बेकरीवाल्यांशी दोन शब्द

हे सगळं बोलल्यावर आपल्याच लोकांना दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर लेख अर्धवट राहील. अफवा खोटी आहे म्हणून भट्टीची जमीन आपोआप स्वच्छ होत नाही.

पहिली गोष्ट घाईची. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चोर्लीवूड इथे अशी पद्धत निघाली, की जोरदार यंत्राने पीठ घुसळून आणि सुधारक द्रव्यं घालून फुगण्याचा लांबचा वेळ वाचवता येतो. कारखान्याचा पाव त्यामुळे स्वस्त झाला, आणि उतावळेपणा जगभर पसरला. आपल्याकडे पिठाला जोर यावा म्हणून पोटॅशियम ब्रोमेट घातलं जायचं. २०१६ मध्ये दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ८४ टक्क्यांमध्ये ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटवर बंदी घातली, कारण त्याने कर्करोगाचा धोका संभवतो. ते नमुने नामांकित कंपन्यांचेही होते. म्हणजे ब्रोमेटला जातधर्म नव्हता. तरीही छोट्या बेकरीवाल्याने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे: माझ्या पिठात काय आहे? रात्रभर सावकाश फुगलेल्या पिठाला अशा भुकटीची गरज पडत नाही. यीस्टही कमी लागतं, चव चांगली येते, पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

दुसरी गोष्ट कामगारांची. आपण सहा वाजता लादी घेतो. त्यासाठी पोरगा आदल्या संध्याकाळपासून मैद्याच्या धुळीत उभा असतो. त्या धुळीने दमा होतो आणि वैद्यकात त्याला पावभट्टीवाल्यांचा दमा असंच नाव आहे. लाकडाच्या धुराचा त्रास वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे जायला सांगितलं, तेव्हा चवीची आणि परंपरेची चर्चा खूप झाली. भट्टीपुढे उभ्या असलेल्या फुप्फुसांची चर्चा कमी झाली. छोट्या मालकांना भट्टी बदलायला कर्ज आणि अनुदान मिळायलाच हवं. पण धूर जायला हवा याबद्दल दुमत नसावं. नाकाला कापड, खेळती हवा, रात्रपाळीचा रास्त पगार, झोपायला पिठाच्या गोण्यांपासून वेगळी जागा, या गोष्टींसाठी न्यायालयाची वाट बघू नये.

तिसरी गोष्ट दाराची. बेकरीचं मागचं दार उघडं ठेवा. शक्य असेल तर पुढच्या भिंतीला काच लावा. शाळेच्या मुलांना एकदा बोलावून पीठ कसं फुगतं ते दाखवा. चित्रफितीला चित्रफितीने उत्तर देण्यापेक्षा दार उघडणं स्वस्त आणि टिकाऊ आहे.

घरची परात, गावची भट्टी

बाजारगावांतली एक जुनी रीत अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. दिवाळीच्या आणि ईदच्या आधी बायका घरून मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जातात. माल आपला, भट्टी बेकरीची. बेकरीवाले चाचा पीठ मळून देतात किंवा बायका तिथेच बसून गोळे वळतात, पत्र्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवतात आणि किलोमागे मजुरी देऊन तासा-दीड तासाने गरम नानकटाई डब्यात भरून घरी आणतात. दिवाळीच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या काकू, वहिनी असतात, ईदच्या रांगेत आपा आणि खाला. कुणाच्या डब्यात साजूक तूप, कुणाच्यात डालडा. पत्र्यांची अदलाबदल झाली तर होणारं भांडण तेवढं मोठं असतं.

या रांगेत "कुणाच्या हातचं?" हा प्रश्न उरतच नाही, कारण उत्तर समोर दिसत असतं. हात दोघांचे असतात. मला वाटतं, घरी पाव करण्याच्या नव्या हौसेने या जुन्या रीतीला जोड द्यावी. घरी पीठ मळणाऱ्या बाईला कळतं, की मे महिन्यात गोळा का बसतो, लादी कधी कधी आंबूस का लागते, पहाटे तीनला उठणं म्हणजे काय. हे कळलेलं गिऱ्हाईक बेकरीवाल्याशी भांडेल तर नेमकं भांडेल आणि चांगल्या पावाला दोन रुपये जास्त द्यायला कुरकुरणार नाही. संशयाने घरात कोंडून घेतलेलं पीठही फुगतं, पण त्यातून शेजार वाढत नाही.

आपल्या मुलींसाठी यात रोजगारही आहे. लहान उलाढालीच्या घरगुती व्यवसायाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची प्राथमिक नोंदणी करता येते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रसामग्रीला ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. कृषी विभागामार्फत अर्ज होत असे. बारावीनंतर घरी बसलेल्या किती मुली अप्रतिम पाव आणि केक करतात हे आपण लग्नकार्यात बघतो, तारीफ करतो आणि विसरून जातो. तारीफ पुरे. त्यांना नोंदणीचा फॉर्म भरून द्या. मग यात्रेत त्यांचाही एक ठेला लागू द्या, जिलेबीच्या कढईशेजारी.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही कुठल्याही बेकरीत जा, आमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, आणि खुशाल विचारा. पाव कधी भाजला? मैदा कुठला? काही भुकटी घालता का? पीठ किती वेळ फुगू देता? या प्रश्नांची उत्तरं द्यायला बेकरीवाला बांधील आहे. "कुणाच्या हातचा?" हा प्रश्न मात्र १८४९ मध्येच मुंबईतल्या काही मराठी तरुणांनी दार लावून, पावाचा तुकडा तोंडात घालून निकालात काढला होता. पावणेदोनशे वर्षांनी तो आपण दार उघडं ठेवून निकालात काढायला हरकत नसावी.